वाकडा तिवर

एका खाडीत एक जुवा होता. चहूकडून खाडीच्या पाण्याने वेढलेल्या बेटाला तिकडे जुवा म्हणतात. जुव्यावर थोडीशी घरे होती, भाताची खाचरे होती, नारळी होत्या आणि एक शाळा होती. बाजार, वैद्य आणि राजाचा रस्ता मात्र पलीकडच्या काठाला. ओहोटी लागली की खाडीच्या पोटातून रेतीची एक वाट वर यायची. तिला उतार म्हणत. उतारावरून माणूस पायी पलीकडे जाऊ शके. पण वाट सोडून चार पावले इकडेतिकडे झाली की गाळ. गाळात पाय रुतला की सुटता सुटत नसे, आणि भरती काही कुणासाठी थांबत नसे.

फार पूर्वी, आताच्या राजाच्या आजोबांच्या काळी, जत्रेहून परतणारी जुव्यावरची काही मुले उतारावर भरतीत सापडली. त्यांतले एकही घरी आले नाही. राजा फार हळहळला. त्याने जुव्यावर शाळा काढली, पंतोजीला जमीन इनाम दिली आणि शाळेच्या दारात एक दगड रोवून त्यावर शाळेचा हेतू कोरून घेतला. ‘या शाळेतल्या प्रत्येक मुलास बारावे वर्ष लागण्याआधी उतारावरून एकट्याने जाता यावे व सुखरूप परत येता यावे.’ बस, इतकेच. यात न कळण्यासारखे काही नव्हते.

पहिले पंतोजी मुलांना घेऊन चिखलात उतरत. गुडघ्यापर्यंत माखून घरी गेलेली मुले आयांना आवडत नसत. कुणाचा पाय कालवांच्या कवचाने कापे, मग कुणाची आई भांडायला येई. पहिल्या पंतोजींचा मुलगा पंतोजी झाला, तेव्हा त्याने चिखल बंद केला आणि अंगणात रांगोळीने खाडी काढून दाखवायला सुरुवात केली. पुढे रांगोळीही पुसली जाते म्हणून त्याने एक ओवी रचली:

‘वाकड्या तिवराला ठेवावे डावे,
काळ्या कातळाला धरावे उजवे,
मधल्या रेतीने सरळ जावे,
पाणी वळण्याआधी परत यावे.’

तिवर म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारे झाड. ओवी सुरेख होती. मुलांना पटकन पाठ झाली आणि आयाही खूश झाल्या. दारातल्या दगडालाही लोक मानू लागले होते. दर दसऱ्याला त्याला तेल आणि शेंदूर लागे. शेंदरावर शेंदूर चढत गेला आणि अक्षरे त्याखाली बुजली. मुले त्याला शाळेचा देव म्हणत, येता-जाता हात जोडत. देव झालेला दगड वाचायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेच नाही.

या घराण्यातले तिसरे पंतोजी म्हणजे दाजीबा. माणूस गोड गळ्याचा. त्यांनी ओवीला अशी चाल लावली की वाटेने जाणारा थांबून ऐके. दरबारातून दरसाल एक पंडित शाळेचे काम तपासायला येई. मुले एका सुरात ओवी म्हणत, पंडित मान डोलावी, जेवण चापी आणि पंतोजींच्या खांद्यावर शाल घालून परत जाई. दाजीबांच्या पेटीत शालींची चळत लागली होती.

एक गोष्ट खरी होती. ओवीतला वाकडा तिवर आता खाडीत नव्हता. दाजीबांचे वडील हयात असतानाच एका वादळात तो मुळासकट वाहून गेला. दाजीबांना हे पक्के ठाऊक होते. पण तिवर काढला तर चाल मोडत होती. शिवाय उतारावरून चालतो कोण, सगळे होडीनेच जातात. तेव्हा झाड गेले तरी ओवीत ते तसेच उभे राहिले.

दुसरी गोष्ट दाजीबा स्वतःशीही बोलत नसत. ते पाण्याला भीत. लहानपणी आजोबांबरोबर ते उतारावर गेले होते आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत गाळात गेला होता. आजोबांनी ओढून काढले. पण खालून कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखा तो थंड चिखल त्यांच्या अंगातून कधी गेला नाही. त्या दिवसापासून दाजीबांनी उतारावर पाऊल टाकले नव्हते. मुलांना अंगणात शिकवणेच बरे, असे ते म्हणत. त्याचे खरे कारण त्यांच्या पायांना माहीत होते.

एके वर्षी दरबारातून पंडित आला नाही. राजाची आत्याच आली.

आत्यासाहेबांची कीर्ती त्यांच्या आधी जुव्यावर पोहोचली होती. राज्यातल्या शाळा काय शिकवतात आणि कशासाठी शिकवतात, हे बघायला राजाने त्यांना नेमले होते. राजधानीत आचाऱ्यांची एक शाळा होती. तिथल्या मुलांनी पुरणपोळीवर मोठे कवन म्हणून दाखवले. आत्यासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आता वाढा.” एकालाही चूल पेटवता येईना. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. दुसऱ्या दिवशी त्या शाळेला कुलूप लागले. ही हकिगत दाजीबांनीही ऐकली. त्या आठवड्यात त्यांना जेवण गोड लागले नाही.

आत्यासाहेब आल्या तेव्हा पौर्णिमा नुकतीच उलटली होती. उधाणाचे दिवस. अशा दिवसांत ओहोटी खूप आत जाते आणि भरती तितक्याच वेगाने परत येते. सकाळी शाळा भरली. अंगावर उत्तमातली शाल घेऊन दाजीबा उभे राहिले. गावचे खोत आणि बरीच मंडळी अंगणात जमली. मुलांनी ओवी म्हटली. एक अक्षर चुकले नाही.

आत्यासाहेब काठीवर हात ठेवून ऐकत होत्या. ओवी संपली तेव्हा त्यांनी दाराकडे बोट दाखवले. “मुलांनो, तो दगड कसला?”

“आमच्या शाळेचा देव,” मुले म्हणाली.

“पंतोजी, शेंदराखाली अक्षरांचे खळगे दिसताहेत. काय लिहिलंय?”

दाजीबांच्या मनात आले, म्हणावे, कुणास ठाऊक, फार जुने आहे. पण जीभ धजली नाही. घरी वडिलांकडून ऐकलेले ते वाक्य त्यांनी खाली मान घालून, घाईघाईने, शब्दाला शब्द जोडून म्हणून टाकले.

“वा,” आत्यासाहेब म्हणाल्या. “मग तेच बघू. ओहोटी आहेच. माझी होडी मी पलीकडे पाठवली आहे. तुमच्यातल्या ज्याला ओवी सगळ्यात चांगली येते, त्याने मला उतारावरून पलीकडे न्यावं आणि एकट्याने परत यावं. मी त्याच्या मागून चालेन, बोलणार नाही. कोण येतं?”

सगळ्या मुलांनी एकाच दिशेला बघितले. ओवी सर्वांत चांगली यमूला येत होती. यमू म्हणजे दाजीबांची मुलगी, आईविना वाढलेली, एकुलती एक. अकरा वर्षांची पोर. बापाची चाल तिच्या गळ्यात जशीच्या तशी उतरली होती. सकाळी दाजीबांनीच तिला कौतुकाने पहिल्या रांगेत उभे केले होते.

दाजीबांनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली.

“पाठवू का, पंतोजी?” आत्यासाहेबांनी विचारले.

आता फक्त नाही म्हणायचे होते. एक शब्द. पण तो शब्द म्हटला तर ‘का नाही’ असे विचारले जाणार. मग तिवराची गोष्ट निघणार, चिखलाची निघणार. इनाम जाणार, तीन पिढ्यांचे नाव जाणार, पेटीतल्या शाली लोकांच्या हसण्याचा विषय होणार. अंगण भरून माणसे बघत होती. दाजीबांना पाण्याची भीती होती, पण या क्षणी लोकांची भीती त्याहून मोठी झाली.

“पाठवा,” ते म्हणाले.

यमू त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “तात्या, तुम्ही येता ना?”

“ओवी म्हणत जा, बाळ,” दाजीबा म्हणाले. “अडलीस तर पहिल्यापासून म्हण.”

मंडळी काठावर गेली. खाडी ओसरली होती. जिकडेतिकडे काळा चिखल चकाकत होता आणि त्यातून रेतीचा एक फिका पट्टा पलीकडे गेलेला दिसत होता. जुव्यावरच्या होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. ओहोटीत त्या हलत नाहीत. यमू रेतीवर उतरली. मागून काठी टेकत आत्यासाहेब. यमूचा आवाज काठावर स्पष्ट ऐकू येत होता. ‘वाकड्या तिवराला ठेवावे डावे.’ लोक कौतुकाने माना डोलावत होते. दाजीबा एकटे तिच्या पायांकडे बघत होते.

निम्म्या वाटेवर रेती चिखलात मिसळून गेली. पुढे वाट कुठे, ते दिसेना. यमू थांबली. तिने डावीकडे बघितले, मग उजवीकडे. ती तिवर शोधत होती. तिने तो जन्मात कधी पाहिला नव्हता. मग तिने हात वर करून लांब बोट दाखवले. खूप खाली, उजव्या अंगाला, वाऱ्याने वाकलेले एक तरणे तिवराचे झाड उभे होते. त्याला डाव्या हाताला ठेवायचे म्हणून ती वळली आणि रेती सोडून चालू लागली.

दाजीबांनी ते पाहिले. शेजारी खोत उभे होते. त्यांनी विचारले, “पंतोजी, पोर बरोबर जाते ना?”

“हो,” दाजीबा म्हणाले. हे कसे तोंडातून गेले ते त्यांना कळले नाही. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

आणि यमूचा पाय गेला. आधी घोट्यापर्यंत. तिने तो उपसायला दुसरा पाय रोवला, तोही गेला. उधाणाचा गाळ पातळ असतो. ती धडपडली, तशी गुडघ्यापर्यंत आत गेली. मागे आत्यासाहेब घट्ट जमिनीच्या कडेला उभ्या राहून काठी पुढे करत होत्या, पण काठी पोहोचत नव्हती. यमू रडली नाही, की कुणाला हाक मारली नाही. तिने ओवी म्हणायला सुरुवात केली. मांड्या गाळात गेल्या तशी ओवी संपली. ती थांबली, आणि तिने ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली. अडलीस तर पहिल्यापासून म्हण, असे बापाने सांगितले होते, आणि ती आज्ञाधारक पोर होती.

काठाला लागून उरलेल्या पाण्याच्या ओघळात वाळक्या पानांचा एक पुंजका समुद्राकडे वाहत होता. दाजीबांच्या डोळ्यांदेखत तो मंदावला, जागीच घुटमळला आणि उलटा फिरला. पाणी वळले होते.

दाजीबा धावले. कसे धावले ते त्यांना पुढेही कधी सांगता आले नाही. वाट त्यांनाही ठाऊक नव्हती. ते दोघींच्या पावलांवर पावले टाकत गेले आणि त्या पावलांच्या खळग्यांत आताच पाणी भरू लागले होते. धावता धावता ते ओरडत होते. “यमू, तो तिवर नव्हे. तिवर पडला. कधीचाच पडला. मला ठाऊक होतं.” सगळ्या गावाने ते ऐकले. दाजीबांना आता गाव आठवत नव्हते.

गाळाच्या कडेला आले आणि त्यांचे पाय थांबले. समोर पोटच्या पोरीला गाळ गिळत होता आणि यांचे पाय उचलेनात. तोच थंड चिखल, लहानपणीचा. त्या भीतीच्या तळाशी मात्र आजोबांचा आवाज होता. इतकी वर्षे भीती आठवली, आवाज आठवला नव्हता. ‘दाजी, गाळात उभा राहू नकोस. आडवा हो.’ आजोबा हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवत. वडिलांनी ओवी रचली तेव्हा ही ओळ तिच्यात बसेना, म्हणून ती सुटली.

“यमू, गाणं थांबव,” दाजीबा म्हणाले. “मागं रेल. पाठीवर पड, अंथरुणावर पडतेस तशी. हात पसर.”

तिला ते समजेना. जे कधी ऐकलेच नाही ते एकदम कसे करावे? “तात्या, मी बुडेन,” ती म्हणाली.

“नाही बुडणार. बघ, मी पडतो.” आणि दाजीबांनी अंगावरची मानाची शाल चिखलावर पसरली, तिच्यावर पालथे पडले आणि सरपटत पुढे गेले. आत्यासाहेबांनी आपलीही शाल काढली, तिला पीळ दिला आणि एक टोक त्यांच्याकडे फेकले. दाजीबांनी ते यमूच्या काखेतून घातले, दुसरे टोक आत्यासाहेबांनी ताणून धरले. बापाला आडवे पडलेले बघून यमू मागे रेलली. चिखलाने मोठा आवाज केला. एक पाय सुटला. पाणी त्यांच्या कानांशी आले तेव्हा दुसरा सुटला.

परतीची पावले पुसली गेली होती. रेती पाण्याखाली गेली होती. आत्यासाहेबांची काठी घेऊन दाजीबा पुढे झाले. काठी टोचायची, घट्ट लागले तर पाऊल टाकायचे, मऊ लागले तर दुसरीकडे टोचायची. यमू पाठीवर, मागे त्यांचे उपरणे धरून आत्यासाहेब. पाणी कमरेला आले, मग छातीला. दाजीबा सबंध वाटभर थरथरत होते. काठावरच्या लोकांनी हातात हात धरून साखळी केली आणि तिघांना वर ओढले.

 यमू थंडीने कुडकुडत होती. मग दाजीबांनी चिखलाने माखलेले हात जोडले. “आत्यासाहेब, इनाम परत घ्या. मी मुलांना उतार शिकवला नाही. ओवी शिकवली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मी पोरीपेक्षा शालीला जपलं.”

आत्यासाहेबांचे दात वाजत होते. त्या म्हणाल्या, “आमचे पंडित ओवी ऐकून शाल देऊन गेले. मी त्यांना हसत होते. आणि आज मीही ओवी ऐकूनच पोरीला पुढं घातलं. ‘मुली, तू या वाटेवर कधी चालली आहेस का,’ एवढंही मी हिला विचारलं नाही. दोष तुमच्या एकट्याचा नाही, पंतोजी.” मग त्या म्हणाल्या, “इनाम राहील. ते ओवीसाठी नव्हतं, उतारासाठी होतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. मुलांना काही म्हणून दाखवायला लावू नका. आणि त्यांच्या पुढं तुम्ही चालायचं.”

दुसऱ्या दिवशी दाजीबांनी कोयतीने दगडावरचा शेंदूर खरवडला. देव कोपेल म्हणून गाव भ्याले. दाजीबाही भ्याले, पण हात थांबवला नाही. संध्याकाळपर्यंत अक्षरे मोकळी झाली आणि मुलांनी ती पहिल्यांदाच वाचली. त्यानंतरच्या ओहोटीला शाळा चिखलात भरली. पहिला धडा होता गाळात आडवे कसे व्हायचे. आया भांडायला आल्या, काठावर उभ्या राहिल्या, आणि यमूकडे बघून गप्प परत गेल्या.

यमू किती तरी दिवस गायली नाही. ओवीचा पहिला शब्द निघाला की तिचा श्वास अडके. दाजीबांनीही तिला गा म्हटले नाही. पावसाळा गेला, थंडी सुरू झाली, तेव्हा एके दिवशी ती आपण होऊन काठी घेऊन चिखलात उतरली. दाजीबा पुढे चालले.

वर्षाने आत्यासाहेब आल्या. काठावर उभ्या राहून त्यांनी यमूला विचारले, “मुली, वाट कुठून आहे?”

शेजारी दाजीबा उभे होते. त्यांचे पाय अजूनही थरथरत होते. ती थरथर पुढे जन्मभर गेली नाही.

यमूने खाडीकडे बघितले. “काल इथून होती,” ती म्हणाली. “आजची बघून सांगते.” आणि तिने काठी उचलली.

तात्पर्य: मुलांना काय पाठ आहे यावरून शाळेची पारख करू नये, ज्यासाठी शाळा काढली ते त्यांना करता येते का, हे पाहावे. आणि ते पाहायची ज्या गुरूला भीती वाटते, त्याने पहिला धडा आपल्या भीतीपासूनच सुरू करावा.